न ओळखलेली खिरापत

झाकण न काढता, डबा नुसता कानाशी हलवून आत काय आहे ते सांगणारी आमच्या वर्गात एकच मुलगी होती, आणि ती वकिलांची मुलगी होती. हादग्याच्या दिवसांत तिचा तोरा बघावा. हस्त नक्षत्र लागलं की रोज संध्याकाळी एकीच्या घरी आम्ही वर्गातल्या मुली जमायचो. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि गाणी संपली की त्या घरची खिरापत ओळखायची. खिरापत म्हणजे त्या दिवशी त्या घरात केलेला खाऊ. घरची बाई तो झाकून आणायची आणि डबा हलवून दाखवायची. खुळखुळला तर फुटाणे-चुरमुरे, धपधप वाजला तर लाडू. ओळखता आली तर मुली जिंकल्या, नाही आली तर घर जिंकलं. ज्या मुलीचं घर जिंकायचं ती दुसऱ्या दिवशी शाळेत जमिनीवर पाय ठेवायची नाही. पण वकिलांची मुलगी वर्गात आल्यापासून एकही घर जिंकलं नव्हतं.

सगळ्या म्हणायच्या, तिचं नाक फार तीक्ष्ण. मला ते तेव्हाही पटायचं नाही. नाक सगळ्यांना सारखंच असतं. तिनं सगळं खाल्लेलं होतं, म्हणून तिला सगळं ओळखता यायचं. बालुशाही हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्या तोंडून, आणि तो पदार्थ तिखट की गोड हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी काय ओळखणार?

मी तिच्यावर वर्गात सूड उगवायची. पहिला नंबर माझा असायचा, दुसरा तिचा. तिला घरी शिकवायला मास्तर येत होते, सात रस्त्याजवळच्या त्यांच्या बंगल्यात तिला अभ्यासाला वेगळं टेबल होतं, पावसापाण्याचा टांगा होता. मी भवानी पेठेत एका तेलुगू विणकराच्या घरामागच्या खोलीत राहायची. पहाटेपासून पुढच्या पडवीत त्यांचे माग खटखटायचे, आणि त्या आवाजात मी पाढे पाठ केले. हिशेबात ती चुकली की मी मोठ्यानं म्हणायची, "वकिलांची अक्कल घरीच ठेवून आलीस वाटतं?" ती बदला घ्यायची वासावरून. मी शेजारी बसले की पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "मेंढरं आली गं." आम्ही धनगर. पण वडील मेंढरं मेहुण्याच्या स्वाधीन करून गिरणीत आले होते, आणि मी लहान असतानाच कापसाच्या धुळीनं छाती भरून गेले. माझ्या कपड्यांना वास यायचा तो गिरणीच्या तेलाचा, आईच्या लुगड्यातून आलेला. हे मी तिला एकदा सांगितलंही. ती म्हणाली, "म्हणजे मेंढरांहून वाईट." सगळा वर्ग हसला. मी गरीब गाय नव्हते, मीही बोलायची. पण माझ्या बोलण्यावर मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि तिच्या बोलण्यावर उघड हसायच्या. हा फरक मला कळत होता.

गावात मार्शल लॉ लागून गोऱ्या शिपायांचा अंमल होऊन गेला त्याच्यानंतरची ही एक-दोन वर्षं. आमच्या शाळेत मुलींना सहावीपर्यंतच वर्ग होता. पुढं सातवीची फायनल द्यायची आणि मास्तरीण व्हायचं तर पुण्याला जावं लागे. गावातल्या शिकल्यासवरल्या बायकांचं एक मंडळ होतं. ते दर वर्षी एका मुलीला पुण्याला पाठवायचं, तिथं एका ओळखीच्या कुटुंबात तिची राहण्या-जेवण्याची सोय करायचं. जागा एकच. आमच्या मुख्य बाई स्वतः विधवा होत्या, अशाच कुणाच्या तरी आधारानं शिकलेल्या. त्यांनी मनानं ती जागा मला देऊन टाकली होती. मला एकटीला थांबवून म्हणाल्या होत्या, "तू मास्तरीण झालीस की तुझ्या आईचं रीळ सुटेल."

आई गिरणीत रीळ खात्यात होती. बॉबिनवरचं सूत रिळावर घेऊन त्याच्या लडी करायच्या. दिवसभर उभ्यानं. सुतानं तिच्या बोटांना बारीक बारीक चिरा पडलेल्या असायच्या, रात्री भाकरी थापताना पीठ त्यात जाऊन चुरचुरायचं. बायकांवरची मुकादमीण, तिला नायकीण म्हणत, आईला दर महिन्याला विचारायची, "पोरगी थोराड झाली की. कवा आनतीस?" आई म्हणायची, "आनीन की, गडबड काय हाय?" मी ते ऐकून रात्रभर पुस्तक घेऊन बसायची. माझ्यापुढं दोनच दारं होती, एक पुण्याचं आणि एक गिरणीचं. तिसरं नव्हतं.

अडचण एकच होती. मंडळाच्या अध्यक्ष होत्या वकिलीणबाई, म्हणजे त्या मुलीची आई. त्या वाईट नव्हत्या, हे मी आज म्हणू शकते. सुधारकी होत्या. व्यासपीठावर बसत, मुलींनी शिकलं पाहिजे असं सांगत. बाईंनी माझं नाव पुढं केल्यावर त्या म्हणाल्या, मुलगी हुशार आहे हे ऐकलंय, पण ज्या घरी ठेवायची ते माझ्या नात्यातलं आहे, मुलीचं घर एकदा बघावं म्हणते. बाईंना वाटलं, अध्यक्षीणबाई अशाच आल्या तर आई घाबरून जाईल. म्हणून त्यांनी युक्ती काढली. त्या वर्षी हादगा सहावीतल्या प्रत्येकीच्या घरी झालाच पाहिजे असा हुकूम काढला आणि वकिलीणबाईंना सांगितलं, मुलींबरोबर सहज या. माझ्या घरी याआधी कधीच हादगा झाला नव्हता. कुणी येणारच नाही हे धरून मी दर वर्षी गप्प बसायची.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी परतत होती. तिनं हात पुसले आणि दोनच प्रश्न विचारले. "किती जनी येनार?" आणि "त्यात ती वकिलाची बी हाय का?"

मी म्हटलं, "आहे. तिला सगळं ओळखता येतं."

"येऊ दे की. आपुन असं करू की तिच्या बापाला बी वळखायचं न्हाय."

माझ्या आईला मी तेवढी खुशीत कधी पाहिली नव्हती. घरमालकिणीकडून तिनं चुना आणला, भिंती पांढऱ्या केल्या. तिचंच झाकणाचं पितळी पातेलं मागून घेतलं आणि चिंचेनं घासून लख्ख केलं. जमीन दोनदा सारवली. आणि शनिवारी गिरणी सुटल्यावर ती परस्पर मंगळवेढ्याच्या रस्त्याला चालत गेली. तिकडं एका शेतकऱ्यानं खतासाठी माझ्या मामाची मेंढरं रानात बसवली होती. अंधार पडता पडता आई आली ती पदराखाली लोटा धरून. मला म्हणाली, "बघ, नशीब कसं. कालच मेंढी याली."

लोट्यात चीक होता. पिवळा, दाट, बोट घातलं तर बोटाला धरून राहणारा. आमच्या घराण्यात मेंढीचा चीक म्हणजे लाखमोलाची वस्तू. तो कोकराच्या वाट्याचा, माणसाला सहसा मिळतच नाही. मिळाला तर आधी देवाला, मग बाळंतिणीला. मामा मंडळी गाई-म्हशीच्या खरवसाला नाक मुरडायची. पाणचट म्हणायची. मला हे सगळं जन्मापासून माहीत होतं, म्हणून मला तो बेत अंगावर मूठभर मांस चढवणारा वाटला. वकिलांची मुलगी सगळं खाऊन बसली होती, पण हे तिनं खाल्लं असणं शक्यच नव्हतं. मी रात्री झोपेतसुद्धा जिंकत होते.

रविवारी सकाळी आईनं गूळ, वेलदोडे, जायफळ घालून तो वाफवला. मेंढीचा खरवस दगडासारखा घट्ट होतो. पातेलं उपडं केलं तरी पडायचा नाही. हलवलं तर आवाज शून्य.

संध्याकाळी मुख्य बाईंसकट सगळ्या आल्या. चौदा-पंधरा मुली आमच्या खोलीत मावेनात, म्हणून फेर मागच्या अंगणात धरला. घरमालकिणीनं वकिलीणबाईंसाठी खुर्ची दिली होती. त्या बसल्या, इकडं तिकडं पाहिलं, पांढऱ्या भिंती पाहिल्या, बाईंना म्हणाल्या, "घर मात्र स्वच्छ आहे हो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. पुणं मिळालं.

गाणी संपली. आईनं पातेलं आणून पाटाजवळ ठेवलं आणि स्वतः दोन हात लांब उभी राहिली, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. वकिलांची मुलगी पुढं झाली. तिनं पातेलं उचलून हलवलं. काही नाही. कान लावला. काही नाही. झाकणाच्या फटीला नाक लावलं.

"वेलदोडा आहे. गूळ आहे. शिरा."

"न्हाय," आई म्हणाली.

"नारळीपाक?"

"न्हाय."

"खांडवी. सांजा. दुधीहलवा."

आई नुसती मान हलवत होती. आधी मुली गप्प होत्या, मग एक खुदकन हसली, मग दुसरी. तिला हरताना बघायची सगळ्यांचीच इच्छा होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शेवटी ती पातेलं खाली ठेवून म्हणाली, "हरले." शब्द असा आला, जसा दात उपटून यावा. मुलींनी टाळ्या पिटल्या. माझ्या आयुष्यातली ती टाळी. मी पुन्हा कधी तशी टाळी ऐकली नाही.

आईनं झाकण काढलं. सुरीनं वड्या पाडल्या आणि पळसाच्या द्रोणांत एकेक ठेवून वाटल्या. वकिलीणबाईंनी द्रोण हातात घेऊन जरा थांबून विचारलं, "दुधातलंच आहे ना?" आई म्हणाली, "व्हय, निव्वळ दुदातलं." पाण्यात शिजवलेलं आमच्या हातचं त्यांना चाललं नसतं, दुधातलं चालायचं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बाई, खरवस! किती घट्ट. असा मी आयुष्यात खाल्ला नाही." मुलीही खात होत्या. एकीनं दुसरी वडी मागितली. वकिलांच्या मुलीनं आपली वडी संपवली होती. हरल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण बोटं चाटत होती.

मग तिनं विचारलं, "पण हा आमच्याकडच्यासारखा नाही. कुठल्या गाईचा आहे हो?"

आई याच प्रश्नाची वाट बघत होती. जिंकलेल्या घरच्या बाईनं शेवटी खिरापतीचं गुपित सांगायचं असतं, तो तिचा मान. ती एक पाऊल पुढं आली आणि मनापासून हसून म्हणाली, "गाईचा कुटला, ताई. मेंढीचा हाय. माज्या भावाची मेंढी परवा याली. कोकरू मेलं, म्हनून समदा चीक आपल्याला गावला. न्हायतर कोन देतंय? तुमी यायच्या हुता म्हनून मुद्दाम आनला."

मला अजून ते अंगण दिसतं. रविवारमुळं माग बंद होते. वकिलांची मुलगी उभी राहिली, मोरीकडं धावली आणि तिथं ओकली. तिचं बघून दुसरी. मग तिसरी तोंडात बोटं घालून मुद्दाम ओकायला लागली. आईला काही कळेना. तिला वाटलं पोरीला ठसका लागला. ती पळत गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. पोरगी किंचाळली, "शिवू नका मला!"

आईचा हात तसाच वर राहिला.

वकिलीणबाईंनी द्रोण खुर्चीखाली ठेवला. रुमालानं ओठ पुसले, पुन्हा पुसले. आवाज चढवला नाही. "चला गं मुलींनो, उशीर होतोय," एवढंच म्हणाल्या. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी बघितला नाही. टांग्यात बसेपर्यंत त्या एकदाही मागं वळल्या नाहीत. अंगणात द्रोण इकडं तिकडं पडले होते. फक्त बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात अजून अर्धी वडी होती. ती त्यांनी आईकडं बघत बघत सावकाश खाल्ली. प्रत्येक घास गिळताना त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं. आईला म्हणाल्या, "छान झालंय." आणि गेल्या. त्या बाईंना मी देव मानते.

आई झाडू घेऊन द्रोण गोळा करत राहिली. मधेच म्हणाली, "त्यांच्यात न्हाय चालत व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाय." मला तरी कुठं माहीत होतं? आमच्या दोघींचंही जग तेवढंच होतं. त्यात मेंढीच्या चिकापेक्षा मोठी गोष्ट नव्हती, आणि ती आम्ही पाहुण्यांना काढून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "बें" केलं. मग सगळीकडून. वकिलांची मुलगी स्वतः काही करत नव्हती, ती नुसती पाटीकडं बघून हसत होती. मी जाऊन तिच्या झिंज्या धरल्या. ती माझ्या मनगटाला चावली. बाईंनी येऊन आम्हाला सोडवलं आणि दोघींनाही छड्या मारल्या. तिला पहिल्यांदाच छडी बसली असेल. मला त्याचं समाधान वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

दिवाळीनंतर बाईंनी मला बोलावलं. टेबलावरची दौत उगाच इकडची तिकडं करत राहिल्या. म्हणाल्या, "मंडळानं नाही म्हटलं. वकिलीणबाईंचं म्हणणं, मुलीबद्दल तक्रार नाही. पण त्या पुण्याच्या घरात सोवळं आहे. घरच्या सवयी अशा असताना त्या मुलीला मी कुणाच्या स्वयंपाकघरात कशी पाठवू, म्हणाल्या. मी फार बोलले गं. फार बोलले." मी विचारलं, "मग कोण जाणार?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांचीच जातेय."

वकील दहा मुलींना पुण्याला शिकवू शकले असते. पण ती जागा माझी होती, म्हणून तिला ती हवी होती. मी तिच्या जागी असते तर मीही हट्ट धरला असता, हेही खरं. जूनमध्ये ती गेली. मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं, वैशाखात झालं. सातवीची परीक्षा तिनं दिलीच नाही. माझं शिक्षण तिनं पुण्याला नेलं आणि वाटेत टाकून दिलं.

आईला मी खरं सांगितलं नाही. तिच्या हातानं केलेल्या वस्तूनं माझं दार बंद झालं हे तिला कळलं असतं तर तिनं स्वतःला जगू दिलं नसतं, अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, "पुण्याच्या जागा भरल्या." ती म्हणाली, "बरं." नायकिणीनं पुढच्या महिन्यात विचारलं तेव्हा आई "गडबड काय हाय" म्हणाली नाही. मी आईच्या शेजारच्या रिळावर उभी राहिले. तुटलेलं सूत दोन बोटांत धरून गाठ कशी मारायची ते तिनं दाखवलं. मला लगेच जमलं. मी हुशार होते.

पुढं कितीतरी वर्षं गेली. माझं लग्न झालं, नवरा साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर होता, मी गिरणीत होतेच. मग सरकारनं साक्षरतेची टूम काढली आणि त्या बायकांच्या मंडळानं गिरणीच्या आवारात कामगार बायकांसाठी वर्ग सुरू केला. पाळी सुटली की तासभर. नायकीण सगळ्यांना हाकून नेई. आईचे केस तेव्हा पांढरे झाले होते, पण ती हौसेनं जायची. मी तिच्याबरोबर नुसती बसायची, ती एकटी बुजायची म्हणून.

एक दिवस वर्ग घ्यायला नवी बाई आली. अंगानं भरलेली, कडेवर मूल, मूल दाईकडं देऊन फळ्यापाशी गेली. माहेरपणाला आली होती, आईला मदत म्हणून वर्ग घेत होती. मी तिला पाठमोरीच ओळखलं. तिला मला ओळखायला वेळ लागला. पाट्या तपासत आमच्या ओळीशी आली, माझ्यासमोर थांबली आणि एकदम तोंडभर हसली. "अगं, तू! तू इथं?" तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. ती खरंच खूश झाली होती. खाली बसून तिनं माझा हात धरला, तोच, ज्याला ती चावली होती. "तू किती हुशार होतीस गं. मी जळायची तुझ्यावर. मग पुढं का नाही शिकलीस?"

मी जे इतकी वर्षं सांगत आले होते तेच सांगितलं. "जागा भरल्या होत्या पुण्याच्या."

"छे, भरल्या कुठं?" ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या शेजारी गेली. "ह्या तुझ्या आई ना? ह्या आल्या होत्या की आमच्याकडं. मागच्या दारी. सकाळपासून उन्हात बसल्या होत्या, मी वरून खिडकीतून बघत होते. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा."

आई खाली मान घालून पाटीवर रेघ ओढत होती. ती रेघ ओढून झाली, तिनं पुन्हा त्याच रेघेवरून पेन्सिल नेली. वकिलांच्या मुलीला बहुधा कळलं, आपण काहीतरी भलतंच बोललो. माझा हात थोपटून ती पुढच्या ओळीकडं गेली.

वर्ग सुटला, आम्ही दोघी घराकडं निघालो. मग मी विचारलं, "गेली होतीस?"

"व्हय. खाडा केला हुता. तुला सांगितलं न्हाय."

"कशाला गेलीस?"

"तुज्या बाईनं सांगितलं मला समदं. तू लपवत हुतीस, म्हनून मी बी गप ऱ्हायले." थोडं चालून ती पुढं म्हणाली, "गड्याहातनं त्या बाईसायबांस्नी सांगून धाडलं, चूक माजी हाय, पोरीची न्हाय. तिला न्या. एकडाव पुन्याला गेली की मी तिला माज्या घरात पाय ठिवू देनार न्हाय. माज्या हातचं खाऊ देनार न्हाय. आई मेली म्हना तिची. मी कवाच भेटाया जानार न्हाय, शप्पत घेते."

मी रस्त्यात उभी राहिले. "मग? त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हननार? त्या भाईर आल्याच न्हाईत. गड्यानं येऊन सांगितलं, जा. मी उठले, तर त्यानं मी बसलेल्या पायरीवर घागरभर पानी वतलं." आईनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "चल. भाकरी व्हायच्या हाईत अजून."